बहिरेपणा, चक्कर आणि डोकेदुखी : तक्रारी तीन, कारणे अनेक

चिनहट (लखनौ) : ऐकू कमी येणे, वारंवार चक्कर येणे आणि महिनोन्‌महिने डोके दुखत राहणे या तीन तक्रारी घेऊन रुग्ण बहुधा तीन निरनिराळ्या दारांत जातो. कमी ऐकू येण्याचा दोष वयाला दिला जातो, चक्करीचा अशक्तपणाला आणि डोकेदुखीचा पित्ताला किंवा चष्म्याच्या नंबराला. प्रत्येक तक्रारीवर वेगळी गोळी मिळते आणि ती संपली की तीच गोळी औषधाच्या दुकानातून पुन्हा आणली जाते. या तिन्ही तक्रारींचे मूळ पुष्कळदा एकमेकांच्या शेजारी असते आणि कधी कधी एकच असते, ही गोष्ट यात दृष्टिआड होते. ते मूळ शोधण्यासाठी महागड्या तपासणीआधी काही साध्या प्रश्नांची नेमकी उत्तरे लागतात. त्रास किती वेळ टिकतो? तो एका कानात आहे की दोन्ही? कशाने सुरू होतो? त्याच्या सोबतीला आणखी काय असते?

लखनौच्या पूर्वेला अयोध्येकडे जाणाऱ्या रस्त्यावरील चिनहट येथे हे प्रश्न विशेष महत्त्वाचे ठरतात. १८५७ च्या उठावात ३० जून रोजी येथे झालेल्या लढाईत सर हेन्री लॉरेन्स यांच्या फौजेचा पराभव झाला आणि त्यानंतर लखनौच्या रेसिडेन्सीला वेढा पडला, अशी या गावाची इतिहासातील ओळख आहे. पुढे झिलईच्या मातीच्या भांड्यांसाठी ते प्रसिद्ध झाले. आज ते लखनौ शहरात मिसळून गेलेले औद्योगिक क्षेत्र आहे. कारखाने, छोटे वर्कशॉप, महामार्गावरील अवजड वाहतूक आणि वाढती वस्ती यांची येथे सरमिसळ झालेली दिसते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०११ मध्ये देशातील सात महानगरांत आवाजाची अहोरात्र नोंद करणारे जाळे उभारण्यास सुरुवात केली. त्यात मुंबईबरोबर लखनौचाही समावेश असून लखनौतील नोंदणी केंद्रांपैकी एक चिनहट येथे आहे.

एकाच घरात दोन इंद्रिये

कान हे ऐकण्याचे इंद्रिय आहे, हे सर्वांना ठाऊक असते. तोल सांभाळण्याचे इंद्रियही कानातच आहे, हे मात्र फारसे ठाऊक नसते. कानशिलाच्या हाडात खोलवर असलेल्या अंतर्कर्णाचे दोन भाग आहेत. शंखासारखी वळलेली कॉक्लिया ध्वनिलहरींचे रूपांतर विद्युतसंदेशात करते. तिला लागूनच असलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका आणि दोन लहान पिशव्या डोक्याची हालचाल टिपतात. दोन्ही भागांत एकच द्रव खेळतो, दोन्हींना एकाच धमनीतून रक्त मिळते आणि दोन्हींचे संदेश एकाच मज्जातंतूच्या दोन शाखांमधून मेंदूकडे जातात. त्यामुळे अंतर्कर्णात बिघाड झाला, तर ऐकणे आणि तोल हे दोन्ही एकाच वेळी बिघडू शकतात.

हे ज्ञान फार जुने नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गरगरणे हा मेंदूचाच विकार मानला जाई. पॅरिसमधील मूकबधिरांच्या संस्थेत काम करणारे डॉक्टर प्रॉस्पेर मेनिएर यांनी १८६१ मध्ये, कानात आवाज येणे, बहिरेपण आणि गरगरणे या त्रयीचे मूळ अंतर्कर्णात असू शकते, असे मांडले. तोलाच्या इंद्रियावरील संशोधनासाठी व्हिएन्नाचे रॉबर्ट बाराणी यांना १९१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आवाजाचा मार

प्रत्येक कॉक्लियात जन्मतः सुमारे १६ हजार केशपेशी असतात. ध्वनीच्या कंपनांनी त्यांच्यावरील सूक्ष्म केस वाकतात आणि संदेश निर्माण होतो. मोठ्या आवाजाचा मारा दीर्घकाळ होत राहिला की या पेशी मरतात. माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. त्यामुळे आवाजामुळे आलेले बहिरेपण औषधाने भरून येत नाही, ते टाळणे एवढेच हाती असते.

हा ऱ्हास गुपचूप होतो. प्रारंभी ४००० हर्ट्‌झच्या आसपासचे तीव्र स्वर ऐकू येईनासे होतात. संभाषणातील स्वर बरेचसे खालच्या पट्टीत असल्याने घरातले बोलणे ऐकू येत राहते, मात्र ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखी व्यंजने निसटू लागतात. ‘ऐकू येते, पण शब्द कळत नाही’ ही या टप्प्यावरची तक्रार असते. गर्दीत किंवा पंख्याच्या आवाजात ती वाढते. पाळी संपवून घरी आल्यावर कानाला दडे बसल्यासारखे वाटणे, टीव्हीचा आवाज वाढवावा लागणे आणि सकाळपर्यंत पुन्हा बरे वाटणे ही त्याआधीची खूण आहे. रात्रभराच्या विश्रांतीने कान सावरला, म्हणजे त्याला इजा झालीच नाही, असे समजणे चूक आहे. रोज थकणाऱ्या पेशी एके दिवशी सावरत नाहीत.

येथे दोन मर्यादांमधील फरक समजून घेणे आवश्यक आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार औद्योगिक क्षेत्रात दिवसा ७५ आणि रात्री ७० डेसिबल, तर निवासी क्षेत्रात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. ही परिसराची मर्यादा झाली. कारखान्याच्या आत यंत्राजवळ उभ्या असलेल्या कामगारासाठी देशातील कारखाना नियम आठ तासांना ९० डेसिबल ही मर्यादा धरतात. आवाज ९५ डेसिबल असेल तर चार तास, १०० असेल तर दोन तास आणि ११५ असेल तर केवळ पाव तास एवढीच मुभा आहे. जागतिक पातळीवर अनेक तज्ज्ञ संस्था ८५ डेसिबल ही अधिक कडक मर्यादा सुचवितात. डेसिबलचे मोजमाप साध्या बेरजेचे नसते. तीन डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा जवळपास दुप्पट होते. म्हणूनच रस्त्यावरील नोंदणी केंद्राचा आकडा मर्यादेत असला, तरी तेथून हाकेच्या अंतरावरील प्रेस मशिन, ग्राइंडर किंवा कॉम्प्रेसरजवळच्या कानाची स्थिती त्यावरून कळत नाही. त्या कानाची मोजणी वेगळी, कामाच्या जागीच करावी लागते.

हा प्रश्न कारखान्यापुरता राहिलेला नाही. महाराष्ट्रात मिरवणुकांतील ‘डॉल्बी’ आणि उत्तर प्रदेशात लग्नाच्या वरातीतील डीजे, यांच्या भिंतीसमोर काही मिनिटे उभे राहणेही कानाला इजा करू शकते. इअरफोनच्या बाबतीत जागतिक आरोग्य संघटनेने ८० डेसिबलच्या पातळीला आठवड्याला ४० तास ही सुरक्षित मर्यादा सांगितली आहे. आवाज वाढवला की ही मुदत झपाट्याने घटते.

अचानक आलेले बहिरेपण : दिवस मोजण्याची वेळ

प्रसिद्ध पार्श्वगायिका अलका याज्ञिक यांनी जून २०२४ मध्ये समाजमाध्यमावरून आपल्या आजाराची माहिती दिली. विमानातून उतरताना आपल्याला अचानक काही ऐकू येईनासे झाले आणि विषाणूच्या संसर्गामुळे चेतासंवेदनी स्वरूपाचे बहिरेपण आल्याचे डॉक्टरांनी सांगितले, असे त्यांनी कळविले होते. मोठ्या आवाजातील संगीत आणि हेडफोन यांबाबत त्यांनी चाहत्यांना सावधही केले. या निमित्ताने एका फारशा परिचित नसलेल्या विकाराची चर्चा झाली.

तीन दिवसांच्या आत, बहुधा एकाच कानात, लक्षणीय बहिरेपण येते तेव्हा त्याला अचानक आलेले चेतासंवेदनी बहिरेपण म्हणतात. बहुतेक रुग्णांत नेमके कारण सापडत नाही. विषाणूसंसर्ग, अंतर्कर्णाच्या रक्तपुरवठ्यातील अडथळा, प्रतिकारशक्तीचे विकार आणि क्वचित गाठ ही संभाव्य कारणे आहेत. काही रुग्णांत सोबत चक्करही असते. सकाळी उठल्यावर एक कान बंद झालेला जाणवतो, सर्दी किंवा मळ असेल असे समजून रुग्ण तेलाचे थेंब घालतो आणि वाट पाहतो. यातच मोलाचे दिवस निघून जातात. कान आपोआप सुधारण्याची शक्यता असते, पण स्टेरॉइडचे उपचार करायचे असतील तर ते पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाल्यास लाभाची आशा अधिक असते. त्यानंतर ती झपाट्याने मावळते.

मळामुळे बंद झालेला कान आणि मज्जातंतूमुळे बंद झालेला कान यांतील फरक डॉक्टर कंपनकाट्याने काही क्षणांत ओळखू शकतात. तोंड मिटून ‘म्‌’ असा गुंजारव केल्यास मळ किंवा पडद्याच्या दोषात तो बंद कानात मोठा वाटतो आणि मज्जातंतूच्या दोषात चांगल्या कानात. ही चाचणी तपासणीला पर्याय नाही. मात्र गुंजारव चांगल्या कानाकडे झुकत असेल, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जाण्यास ती पुरेसे कारण आहे.

वाहणारा कान, औषधे आणि रसायने

भारतात बहिरेपणाचे एक मोठे आणि टाळता येण्याजोगे कारण म्हणजे लहानपणापासून वाहणारा कान. पडद्याला पडलेले छिद्र शस्त्रक्रियेने बुजविता येते. परंतु स्राव दुर्गंधीयुक्त असेल, तर मधल्या कानात त्वचेच्या पेशींची हाड पोखरणारी वाढ झालेली असू शकते. ती अंतर्कर्णापर्यंत पोहोचली की चक्कर सुरू होते आणि मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचली की डोकेदुखी व ताप. वाहत्या कानाच्या जोडीला चक्कर, तीव्र डोकेदुखी किंवा तोंड वाकडे होणे यांपैकी काहीही दिसले, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये.

काही औषधे अंतर्कर्णाला घातक ठरतात. स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन, अमिकासिन ही प्रतिजैविकांची इंजेक्शने आणि कर्करोगावरील सिस्प्लाटिन ही त्यांतील प्रमुख होत. औषधरोधी क्षयरोगात पूर्वी अशी इंजेक्शने महिनोन्‌महिने द्यावी लागत आणि काही रुग्ण क्षयरोगातून बरे झाले तरी श्रवणशक्ती गमावून बसत. आता तोंडाने घ्यायच्या औषधांवर आधारित उपचारपद्धती आल्याने हा धोका घटला आहे. जीव वाचविण्यासाठी अशी औषधे आवश्यक असतात, त्यामुळे ती परस्पर बंद करू नयेत. उपचारापूर्वी आणि उपचारादरम्यान श्रवणचाचणी करून घेण्याचा आग्रह मात्र धरावा.

औद्योगिक भागात आणखी एक बाब लक्षात घ्यावी लागते. रंग, थिनर आणि गोंदातील टोल्युइन, फायबरच्या कामातील स्टायरिन यांसारखी द्रावके आणि शिसे यांचाही श्रवणावर दुष्परिणाम होतो. गोंगाट आणि रसायन एकत्र आले की इजा वाढते. याच द्रावकांच्या वाफेने डोके दुखते आणि गरगरते. सुट्टीच्या दिवशी डोकेदुखी थांबते आणि कामावर परतताच सुरू होते, ही नोंद डॉक्टरांना आवर्जून सांगावी.

चक्कर म्हणजे नेमके काय?

चक्कर, भोवळ, घेरी आणि अंधारी हे शब्द बोलण्यात एकमेकांच्या जागी वापरले जातात. निदानाच्या दृष्टीने मात्र त्यांत भेद आहे. भोवतालचे जग किंवा आपण स्वतः फिरत असल्याचा भास हा प्रकार बहुधा अंतर्कर्णाशी निगडित असतो. उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येणे हे रक्तदाब घसरणे, रक्तक्षय, शरीरातील पाणी कमी होणे किंवा रक्तदाबाच्या औषधांचा परिणाम असू शकतो. चालताना झोक जाणे हे पायांतील संवेदना कमी झाल्याचे किंवा लहान मेंदूच्या विकाराचे लक्षण असू शकते. तरीही केवळ शब्दांवर विसंबून चालत नाही. त्रासाचा कालावधी अधिक भरवशाचा असतो.

काही सेकंद टिकणारी, कूस बदलताना, माळ्याकडे वर पाहताना किंवा खाली वाकताना येणारी गरगर ही चक्करीच्या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारांपैकी एक आहे. अंतर्कर्णातील पिशवीवरचे कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म खडे सुटून अर्धवर्तुळाकार नलिकेत गेल्याने ती होते. मार्गारेट डिक्स आणि चार्ल्स हॉलपाइक यांनी १९५२ मध्ये वर्णन केलेल्या, रुग्णाला झटकन आडवे करून डोळ्यांची हालचाल पाहण्याच्या चाचणीने तिचे निदान होते. जॉन एप्ली यांच्या पद्धतीने डोके ठरावीक क्रमाने वळविल्यास खडे मूळ जागी परततात. बहुतेक रुग्णांना काही मिनिटांच्या या कृतीनेच आराम पडतो, गोळीची गरज राहत नाही. या विकारात ऐकू येणे कमी होत नाही.

वीस मिनिटांपासून बारा तासांपर्यंत टिकणारी, सोबत एक कान भरल्यासारखा वाटणे, कानात गुणगुण आणि कमी-अधिक होणारे बहिरेपण असलेली चक्कर मेनिएर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विकाराकडे बोट दाखविते. कित्येक दिवस सलग टिकणारी तीव्र चक्कर तोलाच्या मज्जातंतूला सूज आल्याने येते. तिच्यासोबत ऐकूही कमी येऊ लागले, तर संपूर्ण अंतर्कर्णाचा दाह किंवा रक्तपुरवठ्यातील अडथळा यांचा विचार करावा लागतो.

येथे औषधांबाबत सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. चक्कर दाबणाऱ्या गोळ्या पहिले दोन-तीन दिवस उपयोगी असतात. त्या महिनोन्‌महिने घेतल्यास मेंदूची नव्या स्थितीशी जुळवून घेण्याची प्रक्रिया मंदावते आणि रुग्ण बरा होण्याऐवजी गोळीवर अवलंबून राहतो. प्रोक्लोरपेराझिन, सिनारिझिन यांसारख्या औषधांच्या दीर्घ वापराने ज्येष्ठ नागरिकांत हातापायांना कंप आणि ताठरपणा येऊ शकतो. त्यावर पुन्हा वेगळी औषधे सुरू होण्याआधी मूळ गोळी तपासून पाहणे योग्य ठरते.

डोकेदुखी आणि गोळीचे दुष्टचक्र

महिन्यातील पंधरा किंवा अधिक दिवस, सलग तीन महिन्यांहून जास्त काळ डोके दुखत असेल, तर ती जुनाट डोकेदुखी मानली जाते. तिच्यामागे बहुधा अर्धशिशी किंवा ताणजन्य डोकेदुखी असते. उलटी झाली की डोके हलके होते, या अनुभवामुळे आपल्याकडे अर्धशिशीला ‘पित्त’ म्हणण्याची रीत आहे. पोट हे तिचे मूळ नसून उलटी हे तिचे लक्षण आहे. त्याचप्रमाणे कपाळ आणि गाल दुखले की ‘सायनस’ म्हणण्याची सवयही अनेकदा अर्धशिशी झाकून टाकते.

वेदनाशामक गोळीच डोकेदुखी टिकवून ठेवते, हे अनेकांना पटत नाही. पॅरासिटामॉलसारखी साधी गोळी महिन्यातून पंधरा किंवा अधिक दिवस, अथवा अनेक घटक एकत्र असलेली गोळी दहा किंवा अधिक दिवस, तीन महिन्यांहून जास्त काळ घेतली, तर औषधाच्या अतिवापराची डोकेदुखी जडते. गोळीचा अंमल उतरला की डोके दुखते, म्हणून पुन्हा गोळी घेतली जाते. हे चक्र तोडण्यासाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळी कमी करून अर्धशिशीला प्रतिबंध करणारे औषध सुरू करावे लागते.

अर्धशिशी आणि चक्कर यांचे नातेही आता मान्य झाले आहे. बाराणी यांच्या नावाने स्थापन झालेली संस्था आणि आंतरराष्ट्रीय डोकेदुखी संस्था यांनी २०१२ मध्ये तोलाशी निगडित अर्धशिशीचे निकष संयुक्तपणे निश्चित केले. या विकारात पाच मिनिटांपासून बहात्तर तासांपर्यंत चक्कर येते. त्या वेळी डोके दुखेलच असे नाही. प्रकाश आणि आवाज सहन न होणे, आधीपासून अर्धशिशीचा त्रास असणे या खुणांवरून निदान होते. ‘मानेच्या मणक्यामुळे चक्कर’ अशी समजूत करून घेऊन मानेला पट्टा बांधलेल्या कित्येकांचे खरे दुखणे हे असू शकते.

तिन्ही तक्रारी एकत्र असतील तर

तिन्ही लक्षणे एकाच व्यक्तीत दिसली, तर काही शक्यता क्रमाने तपासाव्या लागतात. सर्वप्रथम डोक्याला मार लागला होता का, हे विचारावे. हेल्मेट न घालता दुचाकीवरून पडल्यास कानशिलाच्या हाडाला तडा जाऊन बहिरेपण आणि चक्कर येते, तर मेंदूला बसलेल्या हिसक्याने डोकेदुखी महिनोन्‌महिने टिकते. दुसरी शक्यता मेनिएरचा विकार आणि अर्धशिशी एकत्र असण्याची. हे दोन्ही विकार एकाच रुग्णात आढळणे दुर्मीळ नाही.

तिसरी शक्यता श्रवण व तोलाच्या मज्जातंतूवर सावकाश वाढणाऱ्या गाठीची. ती कर्करोगाची नसते आणि क्वचित आढळते. एका कानाने हळूहळू कमी ऐकू येणे, त्याच कानात सतत आवाज येणे आणि थोडा झोक जाणे ही तिची सुरुवात असते. गाठ मोठी झाल्यावर डोकेदुखी येते. दोन कानांच्या श्रवणात स्पष्ट फरक असेल तर एमआरआय करून घ्यावा, असा सल्ला दिला जातो तो यासाठी. चौथी शक्यता मेंदूभोवतीच्या द्रवाचा दाब वाढण्याची. त्यात नाडीच्या ठोक्याबरोबर कानात धडधड ऐकू येते आणि दृष्टी धूसर होते.

उत्तर भारतातील हिवाळ्यात आणखी एका कारणाचे भान ठेवावे लागते. बंद खोलीत पेटवलेली अंगीठी, शेगडी किंवा हवा खेळती नसलेल्या न्हाणीघरातील गॅस गिझर यांतून कार्बन मोनॉक्साइड हा वासरहित वायू निर्माण होतो. डोकेदुखी, गरगर आणि मळमळ ही त्याची पहिली लक्षणे आहेत. घरातील अनेकांना एकाच वेळी त्रास होणे आणि मोकळ्या हवेत आल्यावर तो कमी होणे, ही त्याची ओळख. अशा वेळी सर्वांनी आधी बाहेर पडावे आणि मग रुग्णालय गाठावे.

थांबू नये अशी लक्षणे

चक्करीसोबत बोलणे अडखळणे, दोन-दोन दिसणे, गिळताना त्रास, चेहऱ्याची किंवा हातापायांची एक बाजू लुळी पडणे अथवा आधाराशिवाय उभेच राहता न येणे, ही मेंदूच्या मागील भागातील पक्षाघाताची लक्षणे असू शकतात. क्षणात परमावधीला पोहोचणारी, आयुष्यात कधी अनुभवली नाही अशी डोकेदुखी मेंदूतील रक्तस्रावाची सूचना देऊ शकते. ताप आणि मान आखडणे यांसह डोकेदुखी, पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली डोकेदुखी, पहाटे उलट्यांसह वाढणारी किंवा खोकताना बळावणारी डोकेदुखी, गरोदरपणातील तीव्र डोकेदुखी आणि अर्थात अचानक बंद झालेला कान, या सर्व प्रसंगी घरी थांबू नये.

तपासणी, सोयी आणि हक्क

इतर वेळी मार्ग सोपा आहे. दोन-तीन आठवडे एका वहीत तारीख, वेळ, त्रासाचा कालावधी, कोणता कान, त्या दिवशीची झोप, काम आणि घेतलेली गोळी एवढे लिहून ठेवावे. डॉक्टरांकडे कान आणि पडद्याची तपासणी, कंपनकाटा, झोपून व उभ्याने रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि रक्तातील साखर यांपासून सुरुवात होते. शुद्ध स्वरांची श्रवणचाचणी त्यानंतर लगेच व्हावी. सीटी किंवा एमआरआयची गरज या उत्तरांवरून ठरते. सरसकट प्रत्येकाला त्याची आवश्यकता नसते.

चिनहटच्या रहिवाशांना जवळच्या गोमतीनगरमधील डॉ. राम मनोहर लोहिया आयुर्विज्ञान संस्था, तसेच किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठ आणि संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्था या सार्वजनिक संस्था शहरातच उपलब्ध आहेत. मुंबईत वांद्रे येथे १९८३ मध्ये स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था श्रवण आणि वाचा यांच्या तपासणी व पुनर्वसनाचे काम करते. बहिरेपणाचे प्रतिबंध व नियंत्रण यांसाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम २००७ पासून टप्प्याटप्प्याने जिल्हा पातळीवर राबविला जात आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात ४३ कोटींहून अधिक लोकांना श्रवणासाठी पुनर्वसनाची गरज आहे. दरवर्षी ३ मार्च रोजी पाळल्या जाणाऱ्या जागतिक श्रवण दिनाचा हेतू या प्रश्नाकडे लक्ष वेधणे हाच असतो.

कामगारांच्या दृष्टीने कायद्याची बाजूही महत्त्वाची आहे. कारखाना कायदा, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीने गोंगाटामुळे येणारे बहिरेपण हा सरकारला कळविणे बंधनकारक असलेला रोग ठरविला. कर्मचारी भरपाई कायदा, १९२३ च्या तिसऱ्या अनुसूचीत तो भरपाईस पात्र व्यावसायिक रोग होता. या कायद्यांची जागा घेण्यासाठी २०२० मध्ये संमत झालेल्या कामगार संहितांनीही त्याला आपल्या यादीत स्थान दिले आहे. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ नुसार दोन्ही कानांत ७० डेसिबल श्रवणहानी असलेली व्यक्ती बधिर आणि ६० ते ७० डेसिबल हानी असलेली व्यक्ती श्रवणदुर्बल मानली जाते.

या सर्व तरतुदींसाठी कागद लागतो आणि तो कागद म्हणजे श्रवणालेख. नोकरीवर रुजू होतानाची श्रवणचाचणी नसेल, तर बहिरेपण कामामुळे आले की आधीपासून होते, हे दहा वर्षांनी सिद्ध करणे कठीण जाते. त्यामुळे गोंगाटाच्या ठिकाणी काम करणाऱ्याने प्रारंभी एकदा आणि त्यानंतर दरवर्षी श्रवणचाचणी करून तिचा अहवाल स्वतःजवळ जपून ठेवावा. कानात कापसाचा बोळा पुरेसा नसतो. फोमचे कर्णरोधक पातळ वळून, दुसऱ्या हाताने कान वर व मागे ओढून आत बसवावेत आणि ते फुलेपर्यंत बोटाने दाबून धरावेत. शक्य तेथे यंत्रालाच आवरण घालणे हा त्याहून चांगला उपाय असून ती जबाबदारी मालकाची आहे.